उजव्या खिशातला चाकू

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, अग्निशमन दलाच्या भांडारातून निवृत्त झालेला साहित्य-तपासनीस, गुडघे कामातून गेले असले तरी डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको शेजारी बसून वाचते आहे, तो दबाव धरू नये. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती जावयावरच्या रागात लिहिली होती.

१. दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतली ठेव बायकोची, तिच्या पश्चात मुलीची.

२. जावयाला माझी अवजारांची पेटी द्यावी. त्याच्या नव्याकोऱ्या गाडीचा सीटबेल्ट मी चाकूच्या चाचणीसाठी कापला, हे खरे आहे. बारा वर्षे तो माझ्याशी हवामानाखेरीज काही बोललेला नाही. भरपाईचा पट्टा मी तेव्हाच आणला होता, पण द्यायला धीर झाला नाही. तो पेटीत तळाशी आहे, वेष्टनासकट.

३. धाकट्या मेहुण्याने दलाला पुरवायला आणलेला घडीचा चाकू त्याचा त्याला परत करावा. उघडलेले पाते पक्के अडकले पाहिजे. याचे दाबताच मिटले, तेव्हा माझे बोट मधे होते. "भावोजी, घरच्या माणसाचा माल नापास करता?" असे त्याने चारचौघांत विचारले. बोटावरचा व्रण मी सोबत नेतो.

४. दुसरा चाकू मी पास केला. ओल्या हाताने, साबणाच्या हाताने, जाड हातमोजा घालून, दोनशे वेळा एका हाताने उघडला. शेरा लिहिला: 'आणीबाणीस योग्य. उजव्या खिशात ठेवावा.' दलात तो आजही उजव्या खिशातच असतो. माझी मुलगी बंब चालवते, तिच्याही.

५. आता पोटातले ओठांवर आणतो. सहा वर्षांपूर्वी आमची गाडी कालव्यात गेली, तेव्हा मी चाकूने पट्टे कापून बायकोला आणि स्वतःला सोडवले, असे मी दलात आणि घरात सांगितले. ती थाप आहे. पट्टा मांडीवर आवळलेला, खिसा त्याखाली, उजवा हात चेपलेल्या दारात. सगळ्या चाचण्या मी चाकू हातात धरूनच सुरू केल्या होत्या. बांधलेल्या माणसाला तो खिशातून काढता येतो का, हे पाहायचे मला एकदाही सुचले नाही. पाणी छातीला लागले. बायको शिवणकाम करते. तिच्या गळ्यात नाडीला कात्री असते, झोपताना तेवढी काढते. त्या कात्रीला मी आयुष्यभर हसलो. तिनेच आधी स्वतःचा, मग माझा पट्टा कापला. मला लाज वाटली म्हणून मी थाप मारली आणि माझी अब्रू राखायला ती गप्प राहिली. माझा शेरा मी रद्द करतो. चाकू छातीवर, दोन्ही हात पोचतील असा, दोरीने बांधावा.

६. कात्री तिचीच आहे. ती कोणाला द्यायचा मला अधिकार नाही.

इथवर लिहून साक्षीदारांना बोलावले. खालच्या मजल्यावरची परिचारिका वाचून म्हणाली, "काका, हे तुम्ही गेल्यावर उघडणार ना? मग तोवर ताईचा चाकू कुठे राहणार?"

"तेच मी सहा वर्षं विचारतेय," बायको म्हणाली.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातल्या खोडी काढल्या आणि स्वतःचीच तेवढी राहिली.

७. म्हणून कलम पाच माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. मुलीला फोन केला आहे. ती आली की मी ते स्वतः वाचून दाखवीन. उद्या सकाळी सहाला तिची पाळी आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
तारीख: आजची. उद्याची चालणार नाही.
सही: (डाव्या हाताने. उजवा त्या दारानंतर नीट चालत नाही.)

साक्षीदार पहिली, परिचारिका: वाचन माझ्यासमोर झाले. मग मुलीने आईकडे नाडी मागितली.

साक्षीदार दुसरा, कोपऱ्यावरचा घड्याळजी: मुलीला खुर्चीला बांधून, उजवा हात अडकवून चाचणी घेतली. तिने डाव्या हाताने छातीवरचा चाकू काढून पट्टा कापला. नऊ सेकंद. पट्टा कलम दोनमधला.