आधी उचलून पायला

बाबा,
तुमाले अन् आईले पुण्याहून रीनाचा जय भीम.

बेस गिटारसाठी नवा ॲम्प्लिफायर घेतला, फक्त सहा किलोचा. दुकानदार म्हणे, "आधी वाजवून पाहा." मी तो एका हातात धरून दुकानाचा जिना चढून-उतरून आली, मंगच वायर जोडली. गिऱ्हाईकं हासले, हासू द्या. सरावाले अन् लहान कार्यक्रमाले आवाज भरपूर आहे.

जुन्या ॲम्प्लिफायरचा जड डब्बा तुमीच खांद्यावर वाहिला. कंबर कशी आहे? आई फोनवर खरं सांगत नाही.

मी जयंतीले वाजवाले पवनीले येऊन राहिली. यंदा तुमी समोरच्या खुर्चीवर बसा. जुन्याचा प्लग ढिला, म्हणून तुमी दरसाल मागं वायर धरून उभे राहिले; मले वाजवताना तुमी समोरून कधी पायलंच नाही.

तुमची,
रीना