लेकींची नावं

प्रिय अक्षता,

सव्वा वर्ष झालं, हे पत्र टाळतोय. फोनवर लिहायला घेतलं की तुझं नाव टाइप करायचो आणि पुसायचो. आज मंगळवेढ्यात धुळाप्पामामाच्या मोबाइल दुकानात लाईट गेलीय, गिऱ्हाईक नाही, आणि खोक्यातून पाठकोरे कागद सापडले. कागदावर लिहिलेलं सहज पुसता येत नाही, म्हणून म्हटलं आजच.

मी कुठं कुठं होतो ते सांगत बसलो तर कागद संपतील. मेंढरांच्या ट्रकवर हुबळीपर्यंत गेलो, तिथं एका खानावळीत दोन महिने काढले, मग वैरागला एका मंडपवाल्याकडं. मंडपवाल्याचा एक कुत्रा होता, माईक चालू झाला की हमखास भुंकायचा. असो. तुला कुत्र्याचं काय? बघ, मी असाच सटकतो.

तिप्पण्णाकाकांचं लिहायचंय मला. तुझ्या गावचे हेळवी, घराघरांच्या वंशावळी म्हणणारे. तीन-चार वर्षांतून एकदा बैल घेऊन यायचे, दारात घोंगडं टाकून बसायचे आणि घराच्या सात-आठ पिढ्या गाणं म्हणावं तशा म्हणायचे, निम्म्या कानडीत, निम्म्या मराठीत. पुरुषांची नावं त्यांच्या वहीत. पण दिलेल्या लेकी वहीत नव्हत्या. कुठली लेक कुठल्या गावात, कुणाच्या घरात, ते सगळं तोंडपाठ, त्यांच्या वडिलांपासून तशीच चाल. आधी बाप्ये वहीतून, आणि उठायच्या आधी शेवटी लेकी तोंडातून. त्यांचे डोळे अधू झाले, वही जेमतेम वाचता यायची, आणि वारस कुणी नाही, म्हणून तूच पुढं झालीस. हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊ, छापू, लेकींसकट छापू, असं गावभर सांगितलंस. आणि कानडी-मराठी दोन्ही टाइप येतं म्हणून मला घेऊन गेलीस. सात रस्त्यावरच्या तुझ्या कॉम्प्युटर क्लासमधला सगळ्यात बेभरवशाचा पोरगा निवडलास, हे तुझं चुकलंच.

तुला आठवतं का, तू मला प्रोग्रॅम शिकवायला किती डोकेफोड केलीस? प्रोग्रॅममधला रायटर हा नुसता नावाचा बाप, स्वतः एक अक्षर लिहीत नाही, लिहितात त्याची पोरं, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, आमच्याकडं पण असाच हाय एक, सगळा क्लास हसला, आणि तू मला बाहेर काढणार होतीस. मग तू बफरचं सांगितलंस, फाइलीत जायच्या आधी अक्षरं जिथं साठतात त्याचं. शेंगा तोडणारी बाई एकेक शेंग घेऊन टोपलीकडं पळत नाही, ओटीत जमवते, ओटी भरली की टोपलीत रिकामी करते. पण शेवटी उठताना ओटीत चार शेंगा उरल्या असतील तर त्याही आठवणीनं टाकायला लागतात. ते टाकणं म्हणजे क्लोज. हे तू सांगत होतीस तेव्हा खालच्या दुकानात शेंगाचटणी कुटत होते, वास वर येत होता, आणि मी त्या वासामागं उठून जिन्यात गेलो होतो. खरंच सांगतो, अर्धंच ऐकलं.

काकांचं बोलणं नुसतं टाइप करून ठेवलं असतं तर चाललं असतं. पण मला तुला दाखवायचं होतं. म्हणून मी माझाच प्रोग्रॅम लिहिला. घराचं नाव विचारायचा, पिढी विचारायचा, आणि बफर्डरायटरमधून, म्हणजे त्या ओटीवाल्या रायटरमधून, फाइलीत टाकायचा. नऊ दिवस काका बोलले. दुपारी त्या दिवसाच्या घरांचे बाप्ये, आणि ऊन कलल्यावर त्यांच्या लेकी. लेकी म्हणताना त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा, तुला आठवत असेल. एकदा मध्येच थांबून ते मला म्हणाले, लेका, हिचं नाव जपून लिव, हिला माहेराला कुणी उरलं न्हाय. मी म्हटलं, लिव्हलं की काका. पडद्यावर दिसत होतंच ना! मग शेवटचं नाव झालं रे झालं की मी पडद्यावरच्या प्रोग्रॅमच्या खिडकीच्या फुलीवर टिचकी मारायचो आणि नाक्यावर चहाला पळायचो. रोज. नऊच्या नऊ दिवस. तू रोज रात्री फोनवर विचारायचीस, फाइल उघडून बघितलीस का? मी रोज म्हणायचो, व्हय. एकदाही उघडली नव्हती.

माझ्या त्या 'व्हय'वर फाइल तशीच छापायला गेली. मग देवळापुढं मंडप घातला, पुस्तक आलं, आणि तू वाचायला बसलीस. तुझी काशम्माआत्या सकाळच्या एसटीनं आली होती, नवं इरकल नेसून, बरोबर सासरच्या दोन जावा. माहेरी आमचं नाव छापलंय, असं सांगून आणलं होतं त्यांना. बाप्ये झाले. पान उलटलं तर दुसरं घर सुरू. आत्या आधी हसली, मग म्हणाली, अगं, आमी कुटं हाय? तू पानं चाळत होतीस, तुझे कान लाल झाले होते. एकाही घराच्या लेकी नव्हत्या. कुणीतरी मागून म्हणालं, हेळव्यापरीस त्याचा बैल हुशार, त्याला तरी घर सापडतं. सगळे हसले. काका हसले नाहीत. उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, मी म्हनलोच नसंन, आयाबायांनो. माजं डोकं ऱ्हायलं न्हाय आता. तू म्हणालीस, काका, तुम्ही म्हणालात, मी ऐकलंय. पण तू नऊ दिवसांतले दोनच दिवस होतीस, आणि तुझं कोण ऐकणार? त्यांना आठवत होतं की मी टाइप करत होतो. ते माझ्याकडं वळून म्हणाले, पोरा, मी म्हनलो हुतो का रं लेकी? सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, नीट आठवत नाही काका.

अक्षता, मला आठवत होतं. त्याच्या आधी पाच मिनिटं मी पुस्तक चाळलं होतं. एका घराचं शेवटचं नाव होतं 'मलकाप्', आणि पुढं काहीच नाही. मलकाप्पाचा 'पा' म्हातारा कसा विसरेल? पडद्यावर मी ते नाव पुरं बघितलं होतं. तुझी ती शेंगांची ओटी मला तेव्हा कळली. रोजची शेवटची काही हजार अक्षरं फाइलीपर्यंत पोचलीच नव्हती, आणि रोजचं शेवटचं म्हणजे लेकी. क्लोजची एक ओळ मी लिहिली नव्हती. एक ओळ! पण ओळ विसरलो त्याची मला एवढी लाज नाही. चूक कुणाचीही होते. मंडपात खोटं बोललो त्याची वाटते. देवळामागून निघालो, रस्त्यावर मेंढरांचा ट्रक मिळाला, पुढचं सांगितलंच. तुझे फोन दिसत होते मला.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं सांगितलं की काकांनी बैल विकला, वंशावळ म्हणणं सोडलं, आणि आत्या अजून तुझ्याशी धड बोलत नाही. तेव्हापासून जेवण जात नाही म्हणणार होतो, पण खोटं आहे, जातंय. फक्त प्रत्येक घासाला आठवतं. म्हणून हे पत्र. हे तुझ्यासाठी नाहीच खरं तर. हे तू त्याच मंडपात, त्याच बायकांसमोर मोठ्यानं वाच. काका नावं म्हणाले होते, एकूण एक, आणि मी ती घालवली, हे माझं नाव घेऊन सांग. मी येऊन सांगायला पाहिजे, पण माझी छाती नाही, म्हणून तुझ्यावर टाकतोय. हे लिहितानाच कळतंय की मी परत तेच करतोय.

थांब. समोर कोण आलंय बघ. रस्त्यापलीकडं विजयमाला शिंपिणीचं दुकान आहे, तुमच्याच गावची लेक ती, इथं दिलेली. तिच्या पायरीवर तिप्पण्णाकाका उभे आहेत. बैल नाही, काठी आहे, काखेत शाळेची वही आहे. मला इथवर ऐकू येतंय. तिला म्हणतायत, बाई, तुजं नाव माज्या डोक्यातनं गळलं, राग धरू नगो, तुज्याच हातानं हितं लिव. ती म्हणते, काका, या उन्हात एवढ्यासाठी आलासा? ते म्हणतायत, ही तेविसावी लेक, अजून लई ऱ्हायल्यात. त्यांनी पाणी मागितलंय. विजयमाला आत वळलीय, पण तिच्याआधी मी तांब्या घेऊन जातो. ते पाणी पिण्याआधीच सांगतो. प्यायल्यानंतर सांगायला मी तिथं थांबेन, याचा मला भरवसा नाही.

तुझाच,
बिरुदेव