साडेपाचला ऐकलेली बातमी

२ फेब्रुवारी १९६८, शुक्रवार

लागला एकदाचा! शिवाजीनगरच्या बसस्टँडसमोर भिंतभर पोस्टर. ती — अंगाला चिकटलेले चंदेरी कपडे, केसांचा हा एवढा डोंगर, एका हातात पिस्तूल, दुसरा कमरेवर. मागे रॉकेट, त्यामागे चंद्र. खाली लिहिलंय, फक्त दोन आठवडे. मी बघत उभा राहिलो आणि माझी बस माझ्यासमोरून निघून गेली. ऑफिसात सांगितलं, पंक्चर झाली.

घरी बोलायची सोय नाही. बायकोला, विमलाला, ही नटी डोळ्यांसमोर नको असते. आणि थोरल्या भावाला, भीमसेन अण्णाला, सिनेमाच नको असतो. ‘गुंडू, सिनेमा म्हणजे अंधारात बसून स्वतःला फसवून घेणं.’ त्यानं जन्मात थिएटरची पायरी चढलेली नाही. यशवंतपूरचा मालधक्का, घर, शनिवारी मारुती. संपलं.

मी एकटाच जाणार. छत्तीस वर्षांचा बाप्या, आणि चोरून!

४ फेब्रुवारी, रविवार

हाउसफुल. दुसरा आठवडा संपला की सिनेमा जाणार म्हणे. म्हणजे मला येता रविवार, बस्स, तेवढाच.

७ फेब्रुवारी, बुधवार

देवनहळ्ळीहून निरोप आला. हंबीरराव काकांना पुन्हा दम लागलाय. बाबा गेल्यावर त्यांनीच आम्हा दोघा भावांना वाढवलं. त्यांना मूलबाळ नाही. नेहमी हसत म्हणतात, ‘मी गेलो की भीमसेन अग्नी देईल आणि गुंडू रडेल. कामं वाटून दिलीत, भांडू नका.’ रविवारी बघून यायला हवं. त्यांना पेढे आवडतात, तेही न्यायला हवेत.

रविवारी नको. त्याच्या पुढच्या रविवारी.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

विमला माहेरी मल्लेश्वरमला गेली, संध्याकाळी येईल. मी स्टोव्हवर पाणी ठेवलं होतं. दारात बसवंत — देवनहळ्ळीच्या बसचा कंडक्टर. चप्पल बाहेर काढली, पण आत येईना. तेव्हाच कळलं.

“हंबीररावअण्णा गेले. पहाटे. झोपेतच.” मग म्हणाला, “भीमसेनअण्णांना यशवंतपूरला तुम्ही कळवता ना? माझी ट्रिप आहे.”

“सरी, कळवतो,” मी म्हणालो. तो गेला.

मला रडू आलं नाही. आधी मनात काय आलं, ते इथं लिहितोच, दुसरीकडे कुठं लिहिणार — आलं ते चंद्राचं पोस्टर.

आमच्यात भाऊबंद गेला की दहा दिवस सुतक. ऐकल्याबरोबर कपड्यांसकट अंघोळ. देऊळ नाही, गोड नाही, सिनेमा तर नाहीच. पण ते ऐकल्यापासून! ऐकलं नाही तोवर माणूस मोकळा. कोलारची नातलग मंडळी पोचायला संध्याकाळ होणार. दिवेलागणीनंतर नेत नाहीत. म्हणजे उद्या सकाळी. म्हणजे अण्णाला संध्याकाळी सांगितलं तरी काही बिघडत नाही. आणि स्टोव्ह केवढा घोंघावत होता! बसवंत काय म्हणाला, ते मला नीट ऐकू आलं, असं तरी कोण म्हणेल?

ठरलं. खेळ साडेपाचला सुटतो. मी साडेपाचला ऐकणार.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज देवनहळ्ळीहून परतलो. अस्थी गोळा करून.

रविवारी साडेपाचला थिएटरमधून सुटलो तो धावतच यशवंतपूरची बस पकडली. अण्णा ओसरीवर पाय धूत होता. अंगात नवा पांढरा शर्ट. वहिनी म्हणाल्या, “हेही आत्ताच येताहेत बघा. धक्क्यावर रविवारचं जादा काम निघालं.” मी म्हणालो, “अण्णा, काका गेले.” त्याच्या हातातला तांब्या खाली पडला. चेहरा पार उतरला.

“तुला केव्हा कळलं?”

“आत्ता.”

“आत्ताच?”

“आत्ताच, अण्णा. बसस्टँडवर.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. मग तो शर्टासकट नळाखाली बसला, मीही बसलो. माझ्या डोक्यावर पाणी त्यानंच ओतलं.

देवनहळ्ळीला पोचेपर्यंत अंधार पडला होता. घरासमोर बायका अंगण धूत होत्या. अंगण धुतात ते माणसाला नेल्यावर. कोलारची माणसं लॉरीत बसून दुपारीच आली होती. सूर्य टेकेपर्यंत थांबले, म्हणे, मग नेलंच. अग्नी दिला कल्लाप्पानं. शेजारी, काकांचं शेत वाट्यानं करतो तो. पराया माणूस! अंबूबाई काकू अण्णाचा हात धरून एवढंच म्हणत होती, “रस्त्याकडे बघत बसले रे मी. ह्यांचं तोंड झाकू देत नव्हते. माझा भीमू येतोय, म्हणत होते.”

गावचा परसू तिथं उभा होता. भाजीची लॉरी यशवंतपूरला नेतो, अण्णाच्या चांगल्या ओळखीचा. तो जवळ आला तर अण्णानं तोंड फिरवलं. कुणाशी बोलायचीही ताकद राहिली नव्हती त्याच्यात.

हे मी केलं. एका सिनेमासाठी.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आणि सिनेमा कसला! लिहायला नको, पण लिहितो.

रॉकेट चंद्रावर उतरताना वरची दोरी दिसते. अगदी स्पष्ट, धुणं वाळत घालायची असते तसली! चंद्रावर वारा सुटतो, तिचे केस उडतात. चंद्रावरचे लोक म्हणजे तालमीतले पहिलवान, डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं. एक धडपडला तर शिंग वाकलं, ते तसंच ठेवलंय. आणि पोस्टरवरचं ते पिस्तूल तिच्या हातात जेमतेम एकदा येतं, तेही उडत नाही. पुढे ती खांबाला बांधलेली, किंचाळते आणि नायकाची वाट बघते. मध्येच सुटून एक गाणं म्हणते. परत बांधून घेते. तिच्यात दम असेल असं वाटलं होतं हो! नुसती नटवून उभी केलीय.

मध्यंतरात सोडा पीत होतो. शेजारचा कुणी म्हणाला, “दोरी बघितली काय?” आणि मी हसलो. खो खो हसलो. तेव्हा काकांचं तोंड उघडं ठेवून काकू रस्त्याकडे बघत बसली होती.

सिनेमा चांगला असता तर? तर काय, पाप हलकं झालं असतं? नाही. पण निदान कशासाठी केलं ते सांगता आलं असतं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

बसवंत स्टँडवर भेटला. मला पाहून बसमधून उतरला. “सगळे विचारतायत गुंडूअण्णा, उशीर का झाला म्हणून. मी तर सकाळीच सांगून गेलो होतो.”

“अण्णा घरी नव्हता,” मी म्हणालो. “शोधत फिरलो.”

“अरेरे, पापा!” म्हणाला बिचारा. “खूप फिरलात?”

मी ‘स्वल्प’ म्हणालो. आता बसवंतला मी एक सांगितलंय आणि अण्णाला दुसरं. दहाव्याला दोघं एकाच जागी असणार.

पोस्टर बदललं. आता तिथं कुणी बंदूकवाला घोड्यावर बसलाय.

१८ फेब्रुवारी, रविवार

विमला म्हणते, काकांच्या दुःखानं तुमचं जेवण तुटलं. पाठीवर हात फिरवते. फिरवू नकोस, असं कसं सांगू?

२० फेब्रुवारी, मंगळवार

दहावा. तलावाच्या काठी पिंड ठेवला. बसवंतला ट्रिप होती, तो आला नाही. हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

कावळा शिवेना. झाडावर चार बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, विचारा. काकू म्हणाली, “माझी काळजी करू नका.” नाही. कल्लाप्पा म्हणाला, “शेत नीट बघीन.” नाही. पेढा ठेवला, तरी नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले. मनात म्हणालो, काका, मी मुद्दाम... आणि पुढे शब्दच येईना. अण्णाला सांगतो, एवढं कबूल करायचं होतं, बस्स! तेवढंही झालं नाही. मोठ्यानं म्हणालो, “काकूला दर महिन्याला भेटायला येईन.” कावळे हलले नाहीत. काका मला लहानपणापासून ओळखतात.

मग अण्णा पुढे झाला. पिंडाजवळ बसला, वाकला, ओठ हलले. काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही. तो उठून दोन पावलं मागे सरकतो न सरकतो तोच कावळा उतरला.

“भीमूतच जीव अडकला होता,” काकू म्हणाली. सगळ्यांनी डोळे पुसले. मीही रडलो. मला नेमून दिलेलं काम मी केलं.

त्यानं काय मागितलं असेल? माझ्या उशिराची क्षमाच मागितली असणार, माझ्या वतीनं. असाच आहे तो.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

तेरावा झाला. गोड पानात तसंच ठेवलं. ठरवलंय, अण्णाला सांगायचं. या रविवारी यशवंतपूरला जातो. मारू दे चप्पल काढून, बोलणं टाकू दे, पण सांगायचं.

२५ फेब्रुवारी, रविवार

निघायला शर्ट घालत होतो, तर दारात अण्णाच.

म्हणाला, “पिंडाशी काकांना शब्द दिलाय. गुंडूला सांगेन म्हणून. तेव्हा कुठं कावळा उतरला.”

काका गेल्याचं परसूनं त्याला त्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. “उद्याच नेतील असा हिशेब केला मी. आणि गेलो. त्या चंदेरी बाईच्या सिनेमाला. येता-जाता पोस्टर बघत होतो रे. जन्मात कधी गेलो नव्हतो.” पुढच्या बाकांवर बसला होता. मध्यंतरात त्यानं मला पाहिलं. “सोडा पीत हसत होतास. तुला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. हाक मारली असती तर दोघांनाही काकांचं तोंड दिसलं असतं. मी खांबामागे लपलो.” अण्णा रडत होता. माझा अण्णा. माझ्या पायांशी वाकायला लागला, मी धरला.

सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलं.

“जाऊ दे, अण्णा,” मी म्हणालो. “मी तुला माफ केलं.”