बाहेर तोंड केलेल्या चपला

ती. आईस, तुझ्या धाकटीचा इतक्या लांबून नमस्कार.

घर मिळालं एकदाचं. बघून बघून पायांचे तुकडे पडले होते. प्रत्येक घर बघताना आम्ही सवयीने चपला दाराबाहेर काढायचो आणि एजंट हसायचा; इथे परदेशात बूट घालूनच घरात शिरतात. या घराची मालकीण हसली नाही, म्हणून हेच घेतलं. ऊन भरपूर येतं. उगाच काळजी करत बसू नकोस.

एकच आहे. रोज सकाळी आमच्या चपला वळवलेल्या दिसतात, तोंडं रस्त्याकडे. हे म्हणतात, छकुलीचे उद्योग. पण तिचा हात अजून कडीला पोचत नाही. आधी वाटलं, या घराला आपण नकोसे आहोत. मग आठवलं, पाहुण्यांच्या चपला बाबा अशाच वळवून ठेवायचे, निघताना त्यांना सोपं जावं म्हणून.

तुझा गुडघा कसा आहे? एकटीसाठी कशाला, म्हणून स्वयंपाक टाळू नकोस.

बाबांच्या चपला तू अजून दाराशीच ठेवल्या आहेस ना? निघताना मी त्यांची तोंडं घराकडे करून आले होते. आता ती कुणीकडे आहेत, तेवढं बघून कळव.

तुझीच,
धाकटी