पुसलेला शेंदूर

आये, पाया पडतो.

इथं डोंगरात रेंज नाही, म्हणून पत्र धाडतो. वर्षा वाचून दाखवेल. मी बरा आहे, पोटभर जेवतो. रेनकोटही मिळालाय.

काम सोपं आहे. इथल्या पाड्यांना रस्ता नाही. रेशन, आजारी माणसं, सगळं छोट्या रेल्वेगाडीनेच जातं. सकाळी गाडीच्या आधी मी रुळांवरून चालत जातो आणि दरड पडली नाही ना ते बघतो.

एका वळणावर वरचा मोठा धोंडा सुटल्यासारखा दिसतो. म्हणून तिथल्या एका दगडाला वाघोबा मानून मी शेंदूर फासला, नारळ ठेवला. ड्रायव्हरने लाल बघून गाडीच थांबवली! मुकादम ओरडला, “लाल म्हणजे धोका. पूस ते.”

मी म्हटलं, “धोका आहेच ना.”

त्याने ऐकलं नाही.

आता त्या धोंड्याखालून माती गळते. तिथं आलो की पाय आपोआप भरभर पडतात.

गावी साखरशेतात भाताची आवणी उरकली का? तुझा गुडघा कसा आहे?

आये, दिवाळीतल्या वाघबारशीच्या पूजेची वाट बघू नको. पत्र मिळालं की लगेच आपल्या वाघोबाला शेंदूर लाव. इथला मी माझ्या हाताने पुसलाय.

तुझा सोम्या