केक पचला म्हणून

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. विद्याश्रीस अप्पाचा आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक हाय. चंद्री म्हैस परवा व्याली, रेडी झाली. माझा गुडघा हाय तसाच. पत्र बघून हसशील, पण फोनवर अव्वाचं, तुझ्या आईचं, नाव निघालं की तू ठेवून देतीस, म्हणून लिहितोय.

काल लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं एकटाच गेलतो. विचारलं, "माझ्या नातीला दुधाची ॲलर्जी हाय, मग पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला केक कसा पचतो? त्यातबी दूधच की!" बाई म्हणाल्या, पिठात कालवून दूध भट्टीत चांगलं भाजलं की त्यातल्या प्रथिनांचं रूप बदलतं, ती पिठात अडकून बसतात, मग काही पोरांना चालतं. नुसतं उकळून तेवढं होत न्हाय. कच्च्या दुधात तर सगळं जसंच्या तसं. गाईचं असो का म्हशीचं.

मी उलटंच धरून बसलोतो. चाळीस वर्षं दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या करतोय. गिऱ्हाईक ग्लास पुढं करतं, मी धार सोडतो, फेसासकट पिऊन जातं. पिशवीतल्या दुधानं पोरं बिघडतात, आपल्या धारोष्ण दुधानं न्हाय, हे डोक्यात पक्कं.

दिवाळीत सौंदर्या केक खाऊन अंगणात नाचत होती. तू अंघोळीला, अव्वा चुलीपाशी बासुंदी आटवत होती. भाजलेलं पचतंय तर ताजं का न्हाय पचणार, असं म्हणून मीच पोरीला कट्ट्यावर नेलं. दोनच घोट दिले. परत दारात येईस्तोवर ओठ सुजले, छाती घरघरायला लागली. तू कायम जवळ ठेवतीस ते ॲलर्जीचं इंजेक्शन टोचलंस म्हणून पोरगी वाचली.

दवाखान्यात तू ओरडलीस, "कुणी काय दिलं हिला?" मी गप्प. अव्वाच्या हाताला बासुंदी लागलेली. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "माझंच चुकलं."

तीन महिने तू तिच्याशी बोलली न्हाईस आणि मी रोज तिच्या हातचं जेवतोय. लाज वाटती, पोरी.

सौंदर्याला माझ्या हाती देऊ नकोस, माझी तक्रार न्हाय. पण अव्वाला फोन कर. तिला हे पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "कशाला लिहिताय आता? फाडा की." फाडलं न्हाय.

तुझ्या अव्वाच्या पदराआड लपलेला,
अप्पा