राई झाडली त्याची गोष्ट

चि. गुरुदास,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "जंगलाची हद्द खंयसून गेली गो ताये?" मी म्हटलं, आवाज येत नाही. येत होता.

तुझ्या अर्जामुळेच वनखात्याचे साहेब पाहणीला आले. देवीची राई संरक्षित जंगलात घ्यायची की चिरेखाणीला सोडायची, ते बघून ठरणार होतं. आणि आपण काय केलं? पावणे येतात म्हणून जत्रेला झाडतो तशी राई झाडली. झुडपं तोडायला कोयता घेऊन मीही गेले. "देवीच्या दारात वठलेला झाड बरा दिसणा नाय," म्हणत दत्तारामकाकांनी हात जोडून देवीला गाऱ्हाणं घातलं आणि तो जुना बेहडा पाडला. ढोलीत धनेशाची मादी होती, तोंड लिंपून आत अंड्यांवर बसलेली; नर फटीतून तिला फळं भरवायचा. पडतानाच मेली. साहेबांना दिसायला नको म्हणून आम्ही तिला तिथेच पुरलं आणि वरून शेणाने सारवलं.

साहेब कोकम सरबत पिऊन म्हणाले, "किती छान बाग ठेवली आहे तुम्ही!" आम्ही सगळे खूश. बागेला कुणी जंगल म्हणत नाही, हे हद्दीचा कागद आल्यावर कळलं. जंगलाची रेघ व्हाळाच्या पाण्यापलीकडून गेली. राई खाणीच्या बाजूला राहिली.

नर अजून येतो रे. चोचीत फळ धरून बेहड्याच्या जागेवर घिरट्या घालतो, मग आपल्या काजूवर येऊन बसतो. मी घरापुढच्या खळ्यातून ओरडते, "जा रे बाबा, ती हयसर नाय!"

तो फळ काही टाकत नाही.

तुझी,
लीलाताई